एथिकल कॉफीच्या पाटीवर भाव पण लिहा की

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला कॉफीवरचा लेख वाचला. छान होता, आंध्रातल्या अरकूचे आणि ओडिशातल्या कोरापुटचे फोटो तर झकासच, पण सगळा लेख वाचून झाला तरी एक गोष्ट कुठेच सापडली नाही, ती म्हणजे शेतकऱ्याच्या हातात किलोमागे किती पडले. एथिकल आलं, सस्टेनेबल आलं, फार्म टू कप आलं, आकडा काही आला नाही. आमच्या बडोद्यातल्या कॅफेंबद्दल माझी नेमकी हीच तक्रार आहे म्हणून हे पत्र.

अलकापुरीत जा नाहीतर फतेहगंजला, प्रत्येक नव्या कॅफेत काळ्या पाटीवर खडूने लिहिलेलं असतं की आमची कॉफी एथिकली सोर्स्ड आहे, म्हणजे शेतकऱ्याला योग्य भाव देऊन घेतलेली. काउंटरवरच्या पोराला विचारलं की बाबा कुठली, तर म्हणाला "सर, साउथ की है". साउथ म्हणजे चिकमगळूर, कूर्ग, वायनाड, नक्की कुठलं? "वो तो ओनर को पता". त्या पोराला कोणी सांगितलंच नसणार, त्याला काय बोलायचं, पण मग ती पाटी कशाच्या जोरावर लावलीय?

आता जरा हिशोब करून बघा. एका कॅपुचिनोला अठरा ग्रॅम भाजलेली कॉफी धरू. भाजताना वजन पंधरा ते वीस टक्के उतरतं, म्हणजे कच्च्या बिया झाल्या बावीस ग्रॅम. किलोला पाचशे रुपये भाव धरला तरी अकरा रुपये होतात, आणि कप आहे दोनशे वीसचा. दूध, भाडं, पगार, एसी, सगळं मान्य, कॅफेवाल्यानेही पोट भरायला पाहिजेच, पण त्या अकरातले झाडावरून फळ तोडणाऱ्याला किती आणि मधल्या व्यापाऱ्याला किती एवढं तरी सांगा ना! आणि तोडणं हे काय सोपं काम नाहीये, किलोभर कच्ची कॉफी व्हायला पाचसहा किलो फळ लागतं, त्यात लाल झालेलं तेवढंच काढायचं, हिरवं तसंच ठेवायचं, परत काही दिवसांनी त्याच झाडाशी यायचं. भाव नीट मिळाला नाही तर कोण एवढ्या फेऱ्या मारेल, एकाच वेळी फांदी ओरबाडून मोकळा होईल आणि मग आपणच म्हणायचं की चव कडवट लागते.

अरकूचं कौतुक मला पण आहे. पूर्व घाटात एकदोन एकराचे आदिवासी शेतकरी, सिल्व्हर ओकच्या सावलीत कॉफी आणि त्याच झाडावर मिऱ्याचा वेल, म्हणजे कॉफी पडली तर मिरी हात देते. 2017 ला पॅरिसमध्ये या कॉफीचं दुकान उघडलं, 2019 ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे तिथे आंध्र सरकारचं गिरिजन को-ऑपरेटिव्ह कॉर्पोरेशन दर हंगामाला खरेदीचा भाव उघड जाहीर करतं, आणि कोरापुटलाही ओडिशा सरकारचं आदिवासी सहकारी महामंडळ खरेदीत उतरलंय. म्हणजे तिथे आकडा लपवलेला नाहीये, तो अलकापुरीपर्यंत येता येता कुठेतरी गळतो.

आणि या जागांना "नवीन" म्हणताना जरा जपून. कोरापुटला जयपूरच्या राजाने (राजस्थानातलं नव्हे, ओडिशातलं जयपूर) 1930 च्या दशकातच कॉफी लावली होती, आपल्या विदर्भात चिखलदऱ्याला तर इंग्रजांच्या काळापासून आहे आणि तिचं नाव पुण्यामुंबईच्या किती कॅफेत ऐकलंय कुणी? खरोखर नवीन म्हणावं तर नागालँड, तिथे गेल्या दहाएक वर्षांतच जोर लागलाय.

तुमच्या लेखात फेअरट्रेडचा शिक्का (शेतकऱ्याला रास्त भाव दिल्याचं प्रमाणपत्र) म्हणजे झालंच असं लिहिलंय ते मला पटलं नाही. फेअरट्रेडमध्ये एक किमान भाव असतो, 2023 मध्ये तो धुतलेल्या अरेबिका जातीच्या कॉफीसाठी पौंडाला (म्हणजे साधारण अर्ध्या किलोला) 1.80 डॉलर केला. 2001 ला जागतिक भाव पौंडाला पन्नास सेंटच्याही खाली गेला होता, तसली वेळ आली तर हा आधार सोन्यासारखा आहे यात वादच नाही. पण फेब्रुवारी 2025 मध्ये भाव चार डॉलरच्या वर होता, तेव्हा या किमान भावाचा उपयोग काय? तेव्हा प्रश्न वेगळा असतो, की वाढलेला भाव खाली शेतापर्यंत पोचला का, कारण ज्याने आधीच उचल घेऊन व्यापाऱ्याला माल कबूल केलाय त्याला तेजी फक्त पेपरात वाचायला मिळते. शिवाय शिक्का फुकट मिळत नाही, कागदपत्रं, तपासणी, फी, एकट्या एकरवाल्याला ते झेपत नाही, त्यांना गटानेच करावं लागतं. म्हणून म्हणतो शिक्का असो नसो, भाव सांगा. युरोपवाले तर आता शेताचं लोकेशन मागणार आहेत, 31 डिसेंबर 2020 नंतर जंगल तोडून लावलेली कॉफी घ्यायचीच नाही असा त्यांचा कायदा झालाय, लागू व्हायची तारीख पुढे पुढे ढकलली जातेय ते सोडा. युरोपला शेताचा नकाशा देता येतो तर आम्हाला निदान गावाचं नाव द्यायला काय हरकत आहे.

आता आमच्या जवळचीच गोष्ट. मंगळबाजारातून फिल्टर कॉफीचं पाकीट आणलं, पुढे मोठ्या मोठ्या बियांचा फोटो, मागे बारकोडच्या शेजारी मुंगीएवढ्या अक्षरात कॉफी 53 टक्के, चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेली मुळं) 47 टक्के. प्रमाण कायद्यात बसतं, कॉफी 51 टक्क्यांच्या खाली जाता कामा नये आणि प्रमाण छापायलाच लागतं. आणि मला चिकोरीचा राग पण नाही, आमच्या घरी त्याशिवाय कॉफी दाट लागतच नाही असं म्हणणारे आहेत. पण ही चिकोरी येते कुठून? बरीचशी आणंद-खेडा जिल्ह्यांतून, म्हणजे चरोतरातून, बडोद्याहून तासाभराच्या आत! जमिनीतून मुळं काढायची, धुवायची, कापायची, वाळवायची, मग भाजायची, सगळी अंगमेहनत. निम्मं पाकीट ज्याच्या शेतातलं त्या चरोतरच्या शेतकऱ्याला कुठल्या पाटीवर जागा नाही, पॅरिस तर लांबच राहिलं. एथिकल म्हणायचं तर त्याच्याही भावाचं बोला, आणि चिकोरीचा टक्का पाकिटाच्या पुढच्या बाजूला आणा.

कॅफेवाल्यांकडे माझं मागणं फार नाही. पाटीवर तीन गोष्टी लिहा, गाव, कोणत्या हंगामाची, शेतकऱ्याला किलोला काय दिलं. ज्याला सांगता येत नाही त्याने एथिकल हा शब्द पुसून टाकावा, कॉफी चांगली असेल तर आम्ही तरीही पिऊच.

आणि संपादकसाहेब, तुमच्याकडे पण एक विनंती. कापूस, कांदा, एरंडा यांचे भाव तुम्ही छापताच. अरकूकडची तोडणी नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होते, त्या वेळी अरकू आणि कोरापुटचे जाहीर झालेले खरेदी भाव बाजारभावाच्या चौकटीत दोन ओळीत टाका, आणि चिकोरीचा हंगाम आला की आणंदचाही.

आपला,
एक नियमित वाचक
दांडिया बाजार, बडोदा