भट्टीवाल्या चाचांना

चाचा,

सलाम आणि नमस्कार, दोन्ही.

पत्र असं चारचौघांत लिहितेय, कारण तुमचा पत्ता माझ्याकडे नाही आणि सोलापुरात आमच्या गल्लीच्या टोकाला तुमची बेकरी होती तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. शिवाय घरच्या पिठाची नानखटाई-बिस्किटं आपल्या भट्टीत भाजून देणारे तुम्ही एकटेच नव्हता. गावोगावी असे लोक होते. त्यांच्यापैकी कुणाच्या वाचनात हे आलं, तर त्यांनीही या आभारांतला आपला वाटा घ्यावा.

निमित्त झालं एका बातमीचं. लाकूड-कोळशावर चालणाऱ्या मुंबईतल्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा विजेसारख्या स्वच्छ इंधनाकडे वळावं, असं मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं. माझी त्याबद्दल काही तक्रार नाही. तुमचा पहाटेचा खोकला आमच्या घरापर्यंत ऐकू यायचा. पण त्यावरून घरात भट्टीचा विषय निघाला आणि माझ्या लेकीने विचारलं, "पण आपलं पीठ ते लोक का भाजून देतील?" तिला सांगायला बसले आणि लक्षात आलं, की तुम्हाला हे कधी सांगितलंच नाही.

वडिलांची गिरणी बंद पडल्यानंतरची ती वर्षं. बेकरीतली तयार बिस्किटं पाव किलो आणायची तरी आई दोनदा विचार करायची. पण दिवाळीच्या आधी आणि मे महिन्यात मैदा, पिठीसाखर, डालडा आणि वेलची घेऊन आम्ही तुमच्याकडे यायचो. माल आमचा, मेहनत आमची, तुमची फक्त आच. किलोमागे ठरलेली मजुरी तुम्ही घ्यायचात, आणि तीही कधीकधी "पुढच्या महिन्यात दे" म्हणून वहीत लिहून ठेवायचात. ती वही तुम्ही आमच्यासमोर कधी उघडली नाहीत, हे आईने मला फार उशिरा सांगितलं.

ही आच स्वस्त का होती, ते मला मोठेपणी कळलं. पहाटे पावासाठी भट्टी चांगली तापवलेली असायची. पाव निघाले की आत जाळ नसायचा, पण विटांनी धरून ठेवलेला ताप तासन्‌तास उतरत राहायचा. नानखटाईला तोच हवा. साखर-तुपाचा ऐवज, कडक आचेवर बाहेरून करपतो आणि आत कच्चा राहतो. त्यानंतर उरलेल्या मंद तापावर तुमचे टोस्ट वाळायचे. म्हणजे एकदा जाळलेल्या लाकडावर तीन-तीन कामं. आमची बिस्किटं मधल्या वेळेत बसवून तुम्ही कुणाचंच नुकसान होऊ दिलं नाहीत, आणि आम्हालाही उपकाराखाली ठेवलं नाहीत.

शिकवलंतही. आईचं माप १ किलो मैद्याला ७५० ग्रॅम पिठीसाखर आणि तेवढाच डालडा. साखर थोडी कमी कर, नाहीतर नानखटाई पत्र्यावर पसरते, हे तुमचं सांगणं. तूप-साखर परातीत तळव्याने फेसायची ती पांढरी आणि हलकी होईपर्यंत. तिथे कंटाळा केला की पुढे कशानेच ती खुसखुशीत होत नाही, कारण आत धरलेली हवाच तिला फुलवते. मैदा घातला की मात्र मळायचं नाही, नुसता गोळा जमवायचा. मी कणकेसारखे बुक्के मारू लागले की तुम्ही लांबूनच ओरडायचात, "हात हलका, बेटा!" सोलापूरच्या मे महिन्यात डालडा आपणहून पातळ व्हायचा, मग तो फेसणार कसा? त्यावरही तुमच्याकडे तोड होती: परातीखाली गार पाण्यात भिजवलेलं पोतं. आणि पत्रा बाहेर आला की बिस्किटांना हात लावायचा नाही, ती त्यावरच निवू द्यायची. गरम असतात तेव्हा ती मऊच लागतात, निवल्यावर कडक होतात. हे न पटल्यामुळे बोटं भाजून घेणारी मुलं दर वर्षी नवी असायची.

एकमेकांचे पत्रे मिसळू नयेत म्हणून प्रत्येक घराची खूण होती. चिठ्ठी भट्टीत जळून जाते. म्हणून आमच्या नानखटाईवर मधोमध चारोळी, कुलकर्णी काकूंच्या खसखस, तर वरच्या आळीतल्या एका आजीच्या नुसता अंगठ्याचा ठसा. तुम्ही घरंही त्याच नावाने ओळखायचात. इतक्या घरांचा माल यायचा, पण कुणाचा एक तुकडा इकडचा तिकडे झाल्याचं ऐकलं नाही.

आता पोत्यांबद्दल. लोक नानखटाईची आठवण काढतात, मला त्या रिकाम्या कापडी पोत्यांची जास्त येते. मैदा तेव्हा सुती पोत्यांतून यायचा आणि रिकामी पोती तुम्ही आईसाठी बाजूला काढून ठेवायचात. पोत्याची शिवण साखळीची असते. बरोबर टोक सापडलं की एका ओढीत सगळी सुटते आणि हातात लांबच लांब सुती दोरा येतो. चुकीचं टोक धरलं तर गाठच बसते. तो दोरा आम्ही जुन्या रिळावर गुंडाळायचो, वाकळ शिवायला. पोती आधी गार पाण्यात भिजवायची, कारण एकदम गरम पाणी घातलं की चिकटलेल्या मैद्याची खळ होते आणि ती निघता निघत नाही. मग धुण्याचा सोडा, साबण आणि दोन-तीन दिवसांचं ऊन. मैद्याच्या गिरणीचा निळा शिक्का फिका व्हायचा, पण पूर्ण जायचा नाही. माझ्या धाकट्या भावाची पहिली झबली आणि दुपटी त्याच कापडाची, आणि त्याच्या पाठीवर "५० किलो" अशी अक्षरं उलटी वाचता यायची. घरात त्यावरून फार हसायचे.

उरलेल्या कापडाची फडकी, उशीचे अभ्रे, पायपुसणी. सर्वांत चांगलं कापड वाकळीच्या अस्तराला, वर आजीची मऊ झालेली नऊवारी आणि मध्ये विरलेली सोलापुरी चादर. काठापासून धावदोरा घालत आत आत यायचं. आई आणि शेजारच्या दोघी दुपारी समोरासमोर बसून टाके घालायच्या आणि त्या वाकळीवर गल्लीतली सगळी प्रकरणं निकालात निघायची. तुमच्या नातीला दिलेलं छोटं दुपटं आठवतं? ते तुमच्याच पोत्यांचं होतं. तुम्ही ओळखलंत, पण बोलला नाहीत.

हल्ली असल्या वाकळीला दुकानात किंमत विचारली की छातीत धस्स होतं. कष्टाला दाम मिळतोय याचा आनंदच आहे. फक्त 'टाकाऊतून टिकाऊ' म्हणून त्यासाठी नवंकोरं कापड फाडलेलं पाहिलं की मला हसू येतं.

नानखटाई मी आता घरीच करते. कढईत मिठाचा थर, वर स्टँड, घट्ट झाकण, आधी दहा मिनिटं तापवून मग मंद आच. काहीजण शिट्टी आणि रिंग काढून कुकर वापरतात. मला ते पटत नाही, पाण्याशिवाय तापवून कुकर खराब होतो. मीठ गाळून पुन्हा पुन्हा चालतं. एका वेळी सात-आठच होतात, म्हणून लेक कुरकुरते. तुमच्यासारखा ताप काही येत नाही, पण हात हलका ठेवते.

तर चाचा, त्या मधल्या वेळेतल्या आचेबद्दल, पोत्यांबद्दल आणि न उघडलेल्या वहीबद्दल मनापासून आभार. आई असती तर तिने स्वतः लिहिलं असतं, आणि यापेक्षा थोडक्यात.

एक विचारायचं राहून गेलंय. तुमच्या जिऱ्याच्या खाऱ्या बिस्किटांना किंचित आंबटपणा असायचा. आई म्हणायची तुम्ही दही घालता, माझं म्हणणं ताक. दोन्ही करून पाहिलं, जमलं नाही. तुमच्या घरातल्या कुणी हे वाचलं तर तेवढं कळवा.

तुमची,
चारोळीवाल्यांची थोरली