होकार देण्यापूर्वी

डॅलस, टेक्सस
१७ ऑगस्ट २०२५

ती. बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

नवी कंपनी वर्षाला पंधरा हजार डॉलर अधिक देत असताना मी अजून होकार का कळवला नाही, असे तुम्ही परवा फोनवर विचारलेत. तेव्हा नीट उत्तर देता आले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

पहिला प्रश्न आरोग्य विम्याचा. नोकरदार कुटुंबाचा विमा येथे बहुधा नोकरीबरोबर येतो आणि नोकरीबरोबरच जातो. आमच्या विम्याचा पूर्ण हप्ता महिना १,८०० डॉलर आहे. त्यातले १,५०० कंपनी भरते आणि ३०० माझ्या पगारातून कापले जातात. नव्या कंपनीत माझा वाटा ७०० डॉलर असेल, म्हणजे वाढीव पगारातले ४,८०० डॉलर वर्षाला तेथेच संपतील. शिवाय डिडक्टिबल, म्हणजे विमा कंपनीने खर्चाला हातभार लावण्यापूर्वी आपण पदरचे भरायचे पैसे, आता १,५०० आहे ते ४,००० होईल. सूनबाईच्या तपासण्यांमुळे आमचे यंदाचे डिडक्टिबल जूनमध्येच भरून झाले आहे; नव्या विम्यात ते पहिल्या डॉलरपासून पुन्हा भरावे लागेल, आणि बाळंतपण तर नोव्हेंबरात आहे.

याहून काळजीची गोष्ट मला विम्याचे माहितीपत्रक मागवून वाचल्यावर कळली. ८ सप्टेंबरला रुजू झालो तरी त्यांचा विमा साठ दिवसांनी सुरू होतो. कायदा अशी मुदत ९० दिवसांपर्यंत ठेवू देतो. मधल्या काळात ‘कोब्रा’ कायद्याखाली जुना विमा चालू ठेवता येतो, परंतु कंपनीचा वाटाही आपणच भरायचा आणि वर दोन टक्के खर्चापोटी द्यायचे, म्हणजे महिना १,८३६ डॉलर. ऑफर लेटरमध्ये याचा एका शब्दानेही उल्लेख नव्हता.

रजेचेही तसेच आहे. १९९३ च्या कायद्याने मूल झाल्यावर आई किंवा वडिलांना बारा आठवड्यांची बिनपगारी रजा मिळते आणि त्या काळात नोकरी व विमा दोन्ही शाबूत राहतात. मात्र कंपनीत पन्नास किंवा अधिक माणसे असावी लागतात आणि आपली तेथे किमान बारा महिने नोकरी झालेली असावी लागते. आज हा हक्क माझ्याकडे आहे, पण सप्टेंबरात नोकरी बदलली तर नोव्हेंबरात तो नसेल. नव्या कंपनीची स्वतःची सहा आठवड्यांची पगारी रजासुद्धा एक वर्षाच्या नोकरीनंतरच लागू होते. बाळाच्या पहिल्या आठवड्यांत सूनबाईला एकटे ठेवून कामावर जाण्याची कल्पनाच मला सहन होत नाही.

राहिला निवृत्तीचा निधी. ४०१-के खात्यात मी भरलेले पैसे कायम माझेच असतात, पण कंपनीने घातलेली रक्कम आमच्याकडे सलग तीन वर्षे पूर्ण झाल्यावरच माझी होते. ती २० जानेवारीला पूर्ण होतील. आज सोडले तर सुमारे नऊ हजार डॉलरवर पाणी सोडावे लागेल. ही रक्कम पगाराच्या चिठ्ठीवर दिसत नाही, म्हणून माणसे ती सहज विसरतात. मीही विसरलो होतो.

असे असूनही ती नोकरी मला हवी आहे, कारण काम माझ्या आवडीचे आहे आणि तेथील वरिष्ठ मंडळी मला मोकळ्या मनाची वाटली. म्हणून मी त्यांना फेब्रुवारीत रुजू होण्याची मुभा मागितली आहे. ते शक्य नसेल तर बुडणाऱ्या रकमेइतका जॉइनिंग बोनस द्यावा आणि विमा पहिल्या दिवसापासून लागू करावा, असेही कळवले आहे. जे मान्य होईल ते ऑफर लेटरमध्ये लिहून द्यावे, ही माझी अट आहे. त्यांचे उत्तर शुक्रवारपर्यंत येईल. काहीच मान्य झाले नाही, तर मी नकार देईन.

आईचे १ नोव्हेंबरचे तिकीट तसेच राहू द्या. येथील कंपन्यांच्या विम्यात आई-वडिलांना सहसा घेत नाहीत, म्हणून तिच्यासाठी प्रवासी आरोग्य विमा मी वेगळा काढला आहे. त्याची कागदपत्रे पुढच्या पत्रासोबत पाठवतो.

आपला,
थोरला