नळीच्या टोकाचं बोंड

हॅरिसबर्ग, पेनसिल्व्हेनिया
ता. 9 नोव्हेंबर

प्रिय संज्या,

माझ्या बंदुकीचा फोटो बघून तू विचारलंस, नळीच्या टोकाला ते लोखंडी बोंड कसलं? फोनवर उरकण्यासारखं नव्हतं, म्हणून आज निवांत लिहायला बसलोय.

बंदूक विंचेस्टर मॉडेल 12 आहे. बारा बोअर, एकनळी. पुढची मूठ मागे ओढून पुढे ढकलली की नवं काडतूस चढतं. 1912 पासून 1964 पर्यंत न्यू हेवनच्या कारखान्यातून अशा जवळजवळ वीस लाख बाहेर पडल्या, त्यामुळे इकडे तिचं फारसं अप्रूप नाही. ही आमच्या शेजारच्या आजोबांची. उन्हाळ्यात ते गेले आणि आजींनी ती मलाच घ्यायला लावली.

तू दिवसभर उद्यमनगरात लेथवर असतोस, तेव्हा बोंडाचं गणित तुला लगेच कळेल. छर्ऱ्याच्या बंदुकीची नळी तोंडाजवळच्या दोनतीन इंचांत जराशी आवळलेली असते, तो चोक. बारा बोअरची नळी आतून साडेअठरा मिलिमीटर धर. फुल चोक म्हणजे तोंडाशी त्यातला एकच मिलिमीटर कमी. पण तेवढ्यानं 40 यार्डांवरच्या 30 इंची वर्तुळात शंभरातले सत्तर छर्रे बसतात. सरळ नळीतून चाळीसच. इंग्लंडात ग्रीनर नावाच्या बंदूक बनवणाऱ्यानं 1874 च्या सुमारास हे काम पक्कं जमवलं. अडचण एकच, नळी एकदा जशी कोरली तशी ती जन्मभर. दुनळीवाल्याचं भागतं, एक नळी मोकळी ठेवायची, एक आवळलेली. एकनळीवाल्यानं काय करायचं? पहाटे सस्क्वेहाना नदीवर लांबून जाणारी बदकं, आणि दुपारी दाट झाडीत पंधरा-वीस पावलांवरून भर्रकन उठणारं ग्राऊज, म्हणजे इकडचा तित्तिरासारखा रानपक्षी. घरात बंदूक एकच, आणि दुसरीला पैसे नाहीत.

1930 च्या दशकात अशा माणसांना पॉली-चोक मिळाला. फोटोतलं बोंड ते हेच. नळीच्या टोकाला उभ्या चिरा पाडलेला तुकडा, थेट तुझ्या लेथवर काम पकडणाऱ्या कॉलेटसारखा, आणि त्यावर आट्यांचं कडं. कडं फिरवलं की पाकळ्या आत दबतात. कड्यावर नऊ खुणा. कर्नल कट्सचा कॉम्पेन्सेटर, म्हणजे बंदुकीचा झटका कमी करणारा तोंडाचा जोड (1928 च्या टॉमीगन या हातातल्या मशीनगनच्या तोंडाशी दिसतो तोच), छर्ऱ्याच्या बंदुकीवरही बसायचा, पण त्याला चोकाचे तुकडे पान्ह्यानं बदलावे लागायचे. मला त्यापेक्षा पॉली-चोकच उजवा वाटतो. पक्षी डोळ्यासमोर असताना पान्हा कोण शोधणार?

इथल्या एका जुन्या बंदुकांच्या दुकानदाराला मी ती दाखवली. त्यानं टोकाकडे बघितलं आणि "नासवली" एवढंच म्हणाला. हे बोंड बसवायचं तर कारखान्यानं कोरलेला चोक नळीसकट कापून टाकावा लागतो, आणि कापलेलं परत येत नाही. म्हणून संग्राहक अशी बंदूक हातात धरत नाहीत, किंमत कोसळते. न कापलेली जुनी नळी शोधून ही बदलून टाक, असाही सल्ला त्यानं दिला. मला फार लागलं ते, संज्या. काचेच्या कपाटासाठी घेतलेली वस्तू नव्हतीच ती. ज्यानं कापली त्यानं विचार करून, पदरचे पैसे मोजून कापली.

घरी आणली तेव्हा कडं हलत नव्हतं. पाकळ्यांच्या फटींत जुनं वंगण आणि काजळी बसून दगड झाला होता. बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री केली, टोक रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवलं आणि सकाळी चिंधी गुंडाळून हळूहळू पीळ दिला. आधी करकरलं, मग एकदम सुटलं. सुटण्याआधी ते कुठल्या खुणेवर आहे ते मी टिपून ठेवलं होतं. जवळजवळ पूर्ण उघडं. आजींना सांगितलं तर त्या थोडा वेळ गप्प बसल्या. म्हणाल्या, शेवटची काही वर्षं गुडघ्यांमुळे ते नदीवर, नावेत जाऊच शकत नव्हते. घरामागच्या रानात तेवढं फिरायचे.

गेल्या रविवारी 40 यार्डांवर मोठे कागद लावून बघितलं. साडेसात नंबरच्या (हे छर्ऱ्याच्या आकाराचं माप) सव्वा औंसाहून जरा कमी भाराच्या काडतुसात सुमारे 390 छर्रे असतात. आवळून मारलं तेव्हा वर्तुळात 268 भोकं, उघडून मारलं तेव्हा 171. पेन्सिलीनं एकेक भोक खोडत मोजली, दोन तास गेले. म्हणजे इतक्या वर्षांनीही पाकळ्या इमानानं काम करताहेत. फक्त मार थोडा खाली लागतो, कारण बोंडाच्या जाडीमुळे नेम धरायचा टोकाचा पितळी मणी उंच झालाय. ते मी सवयीनं सांभाळीन. बदकांवर मात्र ही आता चालवायची नाही. 1991 पासून इथे पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे बंद आहेत, आणि पोलादी छर्रे या जुन्या पाकळ्यांतून सोडायची माझी हिंमत नाही.

नळी बदलणार नाही, हे दुकानदाराला कळवून टाकलंय.

आता तुझं काम. तुझ्या आजोबांची दुनळी परवान्यावर अजून काकांकडे आहे ना? दिवाळीला गावी जाशील तेव्हा काकांकडून ती रिकामी करून घे आणि दोन्ही नळ्यांची तोंडं आतून मोजून पाठव. व्हर्निअर घेऊन जा, पट्टीनं कळायचं नाही.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
दिल्या