बोलावलेल्या वक्त्याला परत पाठवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गावोगावच्या वसंत व्याख्यानमालांचे वक्ते ठरवण्याचे हे दिवस. आमच्या वाचनालयात मी अकरा वर्षे कार्यवाह होतो. त्या काळातली एक गोष्ट अजून सलते, म्हणून हे पत्र.

एका वर्षी एका वक्त्यांचे नाव समितीने एकमताने ठरवले आणि हँडबिले छापून आली. मग अध्यक्षांना फोन सुरू झाले : "यांना बोलावलंत तर सभा होऊ देणार नाही." दोन दिवसांत समितीने माघार घेतली. वक्त्यांना कळवण्याचे काम माझ्याकडे आले. ते एवढेच म्हणाले, "बरं, तिकीट रद्द करतो." त्या रात्री आम्ही चौघे खळ घेऊन हँडबिलांवरच्या त्यांच्या नावावर पांढऱ्या पट्ट्या चिकटवत बसलो. कागद पातळ होता. पट्टीखालून नाव दिसतच होते.

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या ९२व्या साहित्य संमेलनात हेच मोठ्या प्रमाणावर घडले. उद्घाटनाला बोलावलेल्या लेखिका नयनतारा सहगल यांना धमक्यांनंतर ऐनवेळी 'येऊ नका' असे कळवले गेले. त्या इंग्रजीत लिहितात, हा एक आक्षेप. त्यांचे वडील रणजित पंडित हे मराठी घरातले संस्कृतज्ञ, 'राजतरंगिणी'चे इंग्रजी भाषांतरकार. पण समजा तसे नसते, तरी ९१ वर्षांच्या लेखिकेला घरी बोलावून दारातून परत पाठवायचे का? संमेलन भरवणाऱ्या साहित्य महामंडळाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला, अनेकांनी पाठ फिरवली आणि संमेलनाध्यक्ष अरुणा ढेरे यांनी व्यासपीठावरूनच नापसंती सांगितली.

उद्घाटन केले ते यवतमाळ जिल्ह्यातल्या वैशाली येडे यांनी. त्यांच्या पतीने कर्जापायी आत्महत्या केली होती. त्यांच्या बोलण्याने मांडव हेलावला. तरी मला राहून राहून वाटते, त्यांना ते निमंत्रण आधीच, त्यांच्या स्वतःच्या हक्काने जायला हवे होते. शेतकरी बाईचे दुःख ऐकायला आपल्याला आधी दुसऱ्या कुणाची खुर्ची रिकामी करावी लागली. दोघी एका व्यासपीठावर का नव्हत्या?

पुढच्याच वर्षी उस्मानाबादला फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष झाले. ख्रिस्ती धर्मगुरू मराठीचा अध्यक्ष कसा, म्हणून धमक्यांचे फोन आले. महामंडळ या वेळी मागे हटले नाही. पाठीच्या दुखण्याने बेजार झालेले दिब्रिटो आले, बोलले आणि लोकांनी शांतपणे ऐकले. धमक्या दोन्हीकडे होत्या. फरक पडला तो आयोजकांच्या कण्यामुळे.

आक्षेप घेऊच नये, असे मी म्हणत नाही. १८८५ च्या पुण्यातल्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण महात्मा फुल्यांनी नाकारले. शूद्रातिशूद्रांच्या वेदना ज्यांच्या ग्रंथांत नाहीत त्यांच्यात मिसळणार नाही, असे त्यांनी न्यायमूर्ती रानड्यांना स्वतःच्या नावाने कळवले. ते पत्र 'ज्ञानोदय'मध्ये छापून आले, आजही वाचले जाते आणि आपल्याला टोचते. रात्री नाव लपवून केलेल्या फोनला त्या पत्राच्या पंगतीत कसे बसवायचे? एखाद्या वक्त्याच्या लेखनाने कुणाचा समाज, कुणाची श्रद्धा खरोखर दुखावलेली असू शकते. त्या माणसाला समोर बसवून ऐकणे हे आयोजकांचेच काम आहे. आम्ही ते केले नाही. आम्ही फक्त घाबरलो.

म्हणून व्याख्यानमाला चालवणाऱ्या सर्वांना माझी कळकळीची विनंती आहे. वाद घालायचा तो नाव ठरवताना समितीत घाला, हवा तेवढा घाला. त्या बैठकीला बायका, दलित, मुसलमान, तरुण मुले, शेतावरची माणसे असतील हे आधी पाहा. नाहीतर कुणाला काय टोचते ते फोन आल्यावरच कळणार. मात्र एकदा पत्र गेले की माघार नको. पोलिसांना वेळेत कळवा आणि ज्यांचा विरोध आहे त्यांना व्याख्यानानंतर त्याच माईकवर पंधरा मिनिटे द्या.

आमच्या वाचनालयाच्या वार्षिक सभेत साधा सभासद म्हणून मी हा ठराव मांडणार आहे. त्याच वक्त्यांना यंदा पुन्हा बोलवावे, असाही दुसरा ठराव लिहून ठेवला आहे. तो मंजूर झाला तर या वेळी फोन न करता मी स्वतः त्यांच्या घरी जाईन.

आपला,
एका वाचनालयाचा माजी कार्यवाह