शहराचे चित्र शिकवायचे, तर कार्यशाळा रस्त्यावर भरवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या काही वर्षांत सांगली-मिरज परिसरात ‘अर्बन स्केचिंग’च्या, म्हणजे शहराची चित्रे काढायला शिकवणाऱ्या, कार्यशाळांच्या जाहिराती वरचेवर दिसू लागल्या आहेत. आपल्याकडे नाटक आणि गाणे यांचे जेवढे कौतुक होते तेवढे चित्रकलेच्या वाट्याला कधी आले नाही, त्यामुळे या गोष्टीचे स्वागतच केले पाहिजे. मात्र यांपैकी ज्या कार्यशाळांना मी हजर राहिलो, त्यांतील बहुतेकांचा साचा एकच होता. सभागृहात खुर्च्या मांडलेल्या असतात, बाहेरगावाहून आलेले नामवंत चित्रकार व्यासपीठावर उभे राहून मोबाइलमधील छायाचित्रावरून दीड-दोन तासांत एक देखणे जलरंगचित्र पूर्ण करतात, टाळ्या होतात, प्रमाणपत्रे वाटली जातात आणि मंडळी घरी जातात. प्रात्यक्षिक पाहण्यात आनंद असतोच, आणि महाराष्ट्रात चित्रकारांच्या प्रात्यक्षिकांची परंपराही चांगली आहे. पण शिकायला आलेल्या माणसाने त्या दिवसभरात कागदावर एक रेघही ओढलेली नसते आणि ज्या शहराचे चित्र काढायचे ते शहर सभागृहाच्या दाराबाहेरच राहिलेले असते. म्हणून या कार्यशाळा कशा असाव्यात याविषयी आपल्या वृत्तपत्रातून काही मांडावेसे वाटते.

ज्या चळवळीचे नाव आपण घेतो, तिचा मूळ आग्रह काय आहे हे आधी पाहिले पाहिजे. अमेरिकेतील सिएटल शहरात वृत्तपत्रासाठी चित्रे काढणारे पत्रकार गॅब्रिएल कॅम्पानारियो यांनी २००७ मध्ये जागेवर बसून चित्रे काढणाऱ्यांना इंटरनेटवर एकत्र आणले आणि त्यातून ‘अर्बन स्केचर्स’ ही संघटना उभी राहिली. तिच्या जाहीरनाम्यातील पहिलेच कलम असे, की चित्र प्रत्यक्ष जागेवर, डोळ्यांना दिसते ते पाहून काढायचे. साधन कोणतेही चालेल, पण समोरच्या दृश्याशी प्रामाणिक राहायचे आणि एकमेकांसोबत बसून काढायचे. २०१० मध्ये पोर्टलंडला या चळवळीचे पहिले आंतरराष्ट्रीय संमेलन भरले, आणि तेव्हापासून अनुभवी कलाकारांनी शहराच्या निरनिराळ्या कोपऱ्यांत छोट्या गटांना घेऊन शिकवायचे, ही या संमेलनांची मुख्य रीत आहे. मुंबई आणि पुण्यातही असे गट आहेत व ते ठरवून रस्त्यांवर, बाजारांत, जुन्या वास्तूंपाशी जमतात. तेव्हा सभागृहात छायाचित्रावरून होणारा कार्यक्रम कितीही चांगला असला, तरी त्याला जलरंगाचे प्रात्यक्षिक म्हणावे. त्यावर हे नाव लावू नये.

जागेवरच का, असा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. मी पाटबंधारे खात्यात आरेखक म्हणून नोकरी केली. मापे घेऊन प्रमाणात नकाशा काढणे हा माझा व्यवसाय होता आणि यथार्थदर्शनाचे (पर्स्पेक्टिव्हचे) नियम मला पुस्तकातून ठाऊक होते. तरीही ते नियम डोळ्यांना कसे दिसतात, हे मला समजले ते निवृत्तीनंतर, एका अनुभवी चित्रकाराच्या शेजारी रस्त्यावर बसल्यावरच. त्यांनी आम्हाला कोणतीही इमारत काढायला न लावता आधी एकच आडवी रेघ मारायला सांगितली. ती म्हणजे आपल्या स्वतःच्या डोळ्यांची पातळी. सपाट रस्त्यावर उभे राहून पाहिले, की आपल्याइतक्या उंचीची माणसे जवळ असोत वा दूर, त्यांची डोकी साधारण त्या एकाच रेघेवर येतात आणि लांबच्या माणसाचे पाय तेवढे वर सरकलेले दिसतात. त्याच जागी घडीच्या स्टुलावर बसलो, की आपली पातळी उभ्या माणसाच्या कमरेच्या आणि छातीच्या मधे कुठेतरी येते. मग जवळच्या माणसाचे डोके उंच जाते आणि दूर जाणाऱ्यांची डोकी क्रमाक्रमाने खाली येऊ लागतात. गणपती पेठेतील गर्दी काढताना नवशिक्यांची माणसे हवेत तरंगल्यासारखी दिसतात, त्यामागे बहुतेक वेळा एवढेच कारण असते. फळ्यावर हे समजावून सांगायला वेळ लागतो आणि तरी ते पटत नाही. रस्त्यावर एकदा उभे करून व एकदा बसवून दाखवले, की पाच मिनिटांत पटते.

सांगलीच्या कृष्णेवरील आयर्विन पुलाचेही तसेच आहे. घाटावर पाण्यालगत बसणाऱ्याला पूल आपल्या डोळ्यांच्या बराच वर असतो, म्हणून त्याची वरची कड पलीकडच्या काठाकडे जाताना खाली उतरत जाते आणि खांबांमधील अंतरे आखडत जातात. मोजून काढायची सवय असलेला माणूस सगळे खांब सारख्या अंतरावर उभे करतो, कारण ते तसे आहेत हे त्याला माहीत असते. माहीत असलेले बाजूला ठेवून दिसते ते कागदावर उतरवायला शिकणे, हेच या विद्येतील सर्वांत अवघड काम आहे. त्यासाठी हात ताठ करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठ्याने माप धरण्याची जी जुनी युक्ती आहे, ती बरोबर होते आहे की नाही हे शेजारी बसलेला शिक्षकच पाहू शकतो. हात कोपरातून वाकला, की सगळी मापे चुकतात.

छायाचित्रावरून काढले तर काय बिघडते, असेही विचारले जाते. मोबाइलचे भिंग जवळच्या वस्तू मोठ्या व दूरच्या वस्तू फारच लहान करते. मोबाइल वर तिरपा धरला, की देवळाचे शिखर मागे कललेले दिसते. सावलीच्या भागात डोळ्यांना जे तपशील व जो परावर्तित उजेड दिसतो, तो छायाचित्रात बहुधा काळा होऊन जातो. याहून महत्त्वाचे म्हणजे, काय घ्यायचे आणि काय सोडायचे याचा निर्णय छायाचित्रात आधीच झालेला असतो. चौकात उभे राहिल्यावर समोर विजेच्या तारा, फलक, रिक्षा, हातगाड्या, वर जुन्या वाड्याची लाकडी खिडकी आणि मागे नवा सहा मजली सांगाडा, असे सगळे एकदम येते. अनुभवी चित्रकार अशा वेळी वहीच्या कोपऱ्यात काडेपेटीएवढ्या दोन-तीन चौकटी आखतो, उजळ, मध्यम आणि गडद अशा तीनच छटांत दृश्य बसवून पाहतो आणि मग ठरवतो, की रिक्षा राहू द्यायची, तारा अर्ध्याच घ्यायच्या. हा विचार करताना तो मोठ्याने बोलला, तर शिकणाऱ्याला त्याच्या डोक्यात डोकावता येते. यूट्यूबवरील चित्रफिती फुकट आहेत आणि त्यांतील काही फार चांगल्या आहेत हे मान्य. पण चित्रफितीला तुमचा कागद दिसत नाही.

उन्हाचा प्रश्न आणखी वेगळा. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, त्यामुळे सकाळी नऊला बसून अकराला उठणाऱ्याच्या समोरची सावली दरम्यान पूर्ण बदललेली असते. म्हणून सावल्यांच्या कडा सुरुवातीलाच पेन्सिलीने पक्क्या करून मग शेवटपर्यंत त्यांच्याशीच राहावे लागते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडच्या कोरड्या उन्हात रंगाचा पाणीदार थर पसरवून होईपर्यंत वाळतो आणि नको तिथे कडक कड उमटते. पावसाळ्यात नेमके उलटे, अर्धा तास थांबले तरी कागद ओला. साध्या फाउंटन पेनच्या शाईवर पाण्याचा कुंचला फिरवला तर रेघ विरघळते, म्हणून रंग भरायचा असेल तर पाण्याला न दाद देणारी शाई लागते. ड्रॉइंग बुकाचा पातळ कागद पाणी लागताच फुगतो, म्हणून ३०० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या) आसपासचा जाड कागद घ्यावा लागतो. या गोष्टी साहित्याच्या दुकानात कोणी सांगत नाही आणि त्यामुळे पुष्कळ होतकरू मुले चुकीच्या वहीवर पैसे घालवून, आपल्याला जमत नाही असे समजून थांबतात.

मुलांविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना आपल्या जिल्ह्यातून मोठ्या संख्येने मुले बसतात. स्थिरचित्र समोर वस्तू ठेवून काढावे लागते, हे चांगलेच आहे. पण स्मरणचित्राची तयारी कशी होते ते पाहावे. बाजाराचे दृश्य, बसथांबा, जत्रा यांच्या ठरीव मनुष्याकृती मुलांकडून पाठ करून घेतल्या जातात. टोपलीवाली बाई एका कोपऱ्यात, फुगेवाला दुसऱ्या कोपऱ्यात, मागे झाड. ज्या मुलाने आठवडी बाजारात बसून एकदाही भाजीवाल्या मावशींची बसण्याची ढब पाहिलेली नाही, त्याने स्मरणातून नेमके काय आणायचे? दहावीला मिळणाऱ्या वाढीव गुणांसाठी ही परीक्षा दिली जाते हे सर्वांना ठाऊक आहे, आणि त्यात कला शिक्षकांना दोष देता येत नाही, कारण त्यांच्यापुढे तासिका थोड्या आणि पट मोठा असतो. परंतु परीक्षेपूर्वी एक-दोन वेळा जरी मुलांना बाजारात नेऊन, हलणारी माणसे कशी काढायची ते एखाद्या सरावलेल्या चित्रकाराने दाखवले, तरी फरक पडेल. वजन करणारा, पैसे मोजणारा, गोणी उचलणारा माणूस त्याच ढबीत पुन्हा पुन्हा येतो. म्हणून एकाच पानावर चार आकृत्या अर्धवट सुरू ठेवायच्या आणि ती ढब परत आली, की त्या आकृतीकडे वळायचे, ही युक्ती दहा वर्षांच्या मुलालाही जमते.

आता वारंवारतेविषयी. २०१७ मध्ये चळवळीला दहा वर्षे झाली, तेव्हा जगातील अनेक शहरांत एकदिवसीय सोहळ्याऐवजी वर्गांच्या मालिका घेण्यात आल्या आणि हे वर्ग त्या-त्या शहरातीलच कलाकारांनी शिकवले, ही बाब मला आपल्यासाठी फार उपयोगाची वाटते. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या मिरजेत हे निराळे सांगण्याची गरज नाही, की शिष्य गुरूच्या मागे तंबोरा घेऊन वर्षानुवर्षे बसतो तेव्हा कुठे सूर लागतो. एका मैफलीला हजर राहून कोणी गवई झालेला नाही. तेच शिक्षक, तोच बारा-पंधरा जणांचा गट, महिन्यातून एक रविवार आणि दर वेळी निराळी जागा, एवढे जरी वर्षभर चालले, तरी बाहेरच्या पाहुण्यांच्या अनेक कार्यक्रमांनी होणार नाही एवढे काम होईल. पाहुण्यांना जरूर बोलवावे, पण त्यांनाही घाटावर बसवावे.

गटाचा आणखी एक फायदा आहे, ज्याची चर्चा पुरुषमंडळी सहसा करत नाहीत. एकटी मुलगी किंवा बाई रस्त्याकडेला वही उघडून तासभर बसली, तर तिच्याभोवती कोंडाळे होते, प्रश्न होतात आणि कधी त्याहून वाईट काही. माझ्या ओळखीच्या अनेक जणी केवळ याच कारणाने घरातल्या कुंड्या आणि कपबशा काढत राहिल्या आहेत. गटात बसल्यावर तीच गर्दी कुतूहलाची होते आणि बघणाऱ्यांपैकी एखादा आपल्या दुकानाचे चित्र काढून मागतो.

पैशाचा मुद्दा नाजूक असला तरी टाळण्यात अर्थ नाही. शाल आणि श्रीफळ देऊन स्थानिक चित्रकाराला दिवसभर राबवून घेण्याची आपली जी पद्धत आहे, ती आता पुरे झाली. (शालींच्या घड्या कपाटात मावत नाहीत, पण रंगांच्या दुकानात त्या चालत नाहीत, असे एक चित्रकार मला हसत म्हणाले होते.) शुल्क माफक पण नक्की असावे, शालेय मुलांचा भार संस्थांनी उचलावा आणि शिकवणाऱ्याला त्याच्या कामाचे मानधन ठरलेल्या दिवशी मिळावे. साहित्य महागडे नसले तरी चालते. एक पेन, एक वही आणि पाण्याची लहान बाटली यांवर सुरुवात होते.

जागांची तर आपल्याकडे रेलचेल आहे. कृष्णा-वारणेच्या संगमावरचे हरिपूर आणि तिथली हळद साठवण्याची जमिनीखालची पेवे, पटवर्धनांनी बांधलेले काळ्या दगडाचे गणपती मंदिर, मिरजेत भोपळ्यांपासून सतारी व तंबोरे घडवणाऱ्यांच्या कार्यशाळा (ज्यांच्या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले), आणि थोडे लांब जायची तयारी असेल तर सातारा जिल्ह्यातील औंध, जिथल्या स्वतः चित्रकार असलेल्या भवानराव पंतप्रतिनिधींनी उभारलेल्या संग्रहालयात राजा रविवर्म्यांची चित्रे डोळे भरून पाहता येतात. यांपैकी काही जागा टिकतील, काही टिकणार नाहीत. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. त्यानंतर नदीकाठच्या पेठांतील जुन्या मातीच्या भिंतींची कित्येक घरे उतरवली गेली, आणि त्यांच्या ओसऱ्या, जिने, देवड्या कशा होत्या हे दाखवणारे कागद फार थोड्या घरांत असतील.

संबंधितांना माझी विनंती मोजकीच आहे. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेने घाट, उद्याने व चौक येथे रविवारी सकाळी गटाने बसून चित्रे काढण्यासाठी दर वेळी नव्या अर्जाची अट न ठेवता वर्षभराची एकच परवानगी द्यावी. बाजार समितीने हळदीच्या हंगामात, आवक भरात असताना, सौद्यांच्या कामात अडथळा येणार नाही अशी एक बाजू या गटांना ठरवून द्यावी आणि हमाल बांधवांना त्याची आधी कल्पना द्यावी, कारण चित्रे त्यांचीच निघणार आहेत. शाळांनी परीक्षेला बसणाऱ्या मुलांना किमान एकदा बाजारात न्यावे. आणि जिल्ह्यातील जाणत्या चित्रकारांनी, पुण्या-मुंबईच्या निमंत्रणांतून सवड काढून, महिन्यातला एक रविवार सांगलीला द्यावा. अशी मालिका सुरू झाल्यास जागा ठरवणे, परवानग्या मिळवणे व नवशिक्यांची नावे नोंदवून घेणे ही कारकुनी कामे मी आणि माझे काही निवृत्त सहकारी आनंदाने करू.

आपला,
एक सेवानिवृत्त आरेखक,
विश्रामबाग, सांगली