विंचेस्टरच्या शाळेबद्दल बाबांना पत्र

साउदॅम्प्टन
दि. 12 मे

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

ऋषी सुनक शिकले ती शाळा खरंच सहाशे वर्षांपूर्वीची आहे का, असं तुम्ही फोनवर विचारलंत. खरंच आहे, आणि तुम्ही इतिहास शिकवलेला असल्यामुळे हे सविस्तर लिहिते.

विंचेस्टर कॉलेज म्हणतात ती ही शाळा. विल्यम ऑफ वाईकम हा तिचा संस्थापक. साध्या घरातला माणूस. विंडसरच्या किल्ल्याचं बांधकाम सांभाळता सांभाळता राजाच्या मर्जीत बसला, पुढे विंचेस्टरचा बिशप झाला आणि देशाचा चान्सलरही, म्हणजे राजाच्या सर्वात मोठ्या मंत्र्यांपैकी एक. 1348-49 च्या प्लेगमध्ये पाद्री फार मोठ्या संख्येने गेले होते. शिकलेली नवी पिढी तयार व्हावी म्हणून त्याने आधी 1379 मध्ये ऑक्सफर्डला न्यू कॉलेज काढलं आणि त्याची पूर्वतयारी म्हणून 1382 मध्ये ही शाळा. मुलं प्रत्यक्ष राहायला आली ती 1394 मध्ये.

त्याची नियमावली मला फार आवडते. 70 विद्यार्थी, ‘गरीब आणि गरजू’ घरांतले. राहणं, जेवण, शिक्षण सगळं शाळेकडून. तळमजल्यावर सहा खोल्या आणि प्रत्येक खोलीत लहानांच्या अभ्यासावर लक्ष ठेवायला किमान तीन मोठी, विश्वासू मुलं. पुढे इंग्लंडभर पसरलेली प्रीफेक्टची पद्धत इथे इतक्या आधीपासून होती! राजा सहाव्या हेन्रीने 1440 मध्ये ईटनची प्रसिद्ध शाळा काढली तेव्हाही नमुना म्हणून हीच शाळा त्याच्या डोळ्यांसमोर होती, आणि इथले हेडमास्तरही त्याने तिकडे नेले.

पण वाईकमनेच एक फट ठेवली होती. बड्या घरच्या 10 मुलांना पैसे घेऊन शिकवायला त्याची हरकत नव्हती. ती फट वाढत वाढत आज शाळेत सातशेच्या आसपास मुलं आहेत, बहुतेक फी भरणारी. वसतिगृहासकट वर्षाची फी 50,000 पौंडांहून जास्त! ते 70 विद्यार्थी मात्र आजही कठीण परीक्षा देऊन निवडले जातात, काळे गाऊन घालतात आणि त्याच जुन्या इमारतींत राहतात. गरजूंना फीमध्ये सवलत मिळते, पण निवडीसाठी गरिबीची अट उरलेली नाही. मला हे लागतं, बाबा. गाऊन जपला, खोल्या जपल्या, आणि ज्या अटीसाठी शाळा उभी राहिली तीच सुटली.

बाकी परंपरा मात्र कौतुकाने सांभाळतात. वर्षातून एकदा भल्या पहाटे सगळी शाळा सेंट कॅथरीन टेकडीवर चढते. त्यांचा स्वतःचा फुटबॉल आहे. मैदानाच्या दोन्ही बाजूंना उंच जाळी आणि तिच्या आत दोर, गोलचे खांब नाहीतच. टोकाची अख्खी रेषा म्हणजे गोल. स्वयंपाकघराजवळ ‘विश्वासू नोकर’ नावाचं जुनं चित्र आहे: डुकराचं तोंड, त्याला कुलूप, गाढवाचे कान आणि हरणाचे पाय. नोकराने मिळेल ते खावं, गुपित राखावं, धन्याचा राग सोसावा आणि धावत काम करावं. असल्या चित्रासमोरून रोज जेवायला जाणाऱ्या मुलांच्या मनात कोण धनी आणि कोण नोकर हे किती लवकर पक्कं होत असेल!

जुन्या वर्गाच्या भिंतीवर लॅटिनमध्ये लिहिलंय: शीक, नाहीतर निघून जा, तिसरा पर्याय मार खाण्याचा. ती नुसती सजावट नव्हती. शाळेची स्वतःची एक बोली आहे आणि नव्या मुलांना ती पाठ करावी लागे. 1872 मध्ये एका मुलाने त्या बोलीच्या परीक्षेला यायला नकार दिला, तर प्रीफेक्टने त्याला 30 छड्या मारल्या. प्रकरण वर्तमानपत्रांत गाजलं. थोरल्या मुलांच्या हाती कारभार देण्यामागे वाईकमचा हेतू सांभाळ करण्याचा होता. त्याचं असं व्हावं याचा मला मनापासून राग येतो.

2022 पासून वरच्या वर्गांत मुलीही येतात. मला त्याचा आनंद आहे, परंपरा बुडाल्याची हळहळ करणारे काहीही म्हणोत.

तुम्ही आलात की शाळा बघायला जाऊ, गाईडबरोबर आत फिरू देतात. पहिल्या महायुद्धात गेलेल्या 500 माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ बांधलेला ओवऱ्यांचा चौकही पाहू. तिथून कॅथेड्रल जवळच आहे. वाईकमची समाधी तिथे आहे, तीही तुम्हाला दाखवायची आहे. आईला सांगा, चालायला सोपे बूट आण.

आईला नमस्कार.

तुमची,
मीनल