जुन्या मोटारसायकलींसाठी राखून ठेवायचे पेट्रोल गेले कुठे? पेट्रोलियम मंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय पेट्रोलियम मंत्री,
स. न. वि. वि.

ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या मंत्रालयाने ई२० पेट्रोलबद्दल, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलबद्दल, खुलासा केला. जुन्या गाड्यांमध्ये २०,००० ते ३०,००० किलोमीटरनंतर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागतील, खर्च किरकोळ, काम नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये उरकेल. जावा, येझदी, राजदूत आणि जुन्या बुलेट सांभाळणाऱ्यांना हे वाचून फार वाईट वाटले. हा हिशोब रोज धावणाऱ्या गाडीचा आहे. वर्षाला जेमतेम पाचशे किलोमीटर फिरणारी आणि पावसाळाभर उभी असलेली गाडी उभ्या उभ्याच खराब होते.

ती कशी, ते सांगतो. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. थोडे पाणी पेट्रोलमध्ये मुरते, पण मर्यादा ओलांडली की इथेनॉल ते पाणी सोबत घेऊन टाकीच्या तळाशी बसते. इंजिनाकडे पेट्रोल सोडणारा कॉकही तळाशीच असतो. टू-स्ट्रोक येझदीत इंजिनाच्या वंगणासाठी पेट्रोलमध्येच लिटरमागे ४० मिली ऑइल मोजून घातलेले असते, पण ते वरच्या पेट्रोलमध्येच राहते. चार महिन्यांनी कॉक उघडून किक मारली की इंजिनात आधी जाते ते ऑइल नसलेले, पाणी मिसळलेले इथेनॉल. त्याने क्रँकची बेअरिंग गंजतात, पिस्टन सीझ होतो, म्हणजे जागीच अडकतो, आणि सिलिंडरला ओरखडे पडतात. मग सिलिंडर बोअर करून रुंद करायचा आणि त्यात बसणारा ओव्हरसाइझ पिस्टन शोधत फिरायचे. येझदी बनवणारा मैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला, साहेब. हे कोणत्या नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये बसते?

पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरचे दुखणे वेगळे. निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, ई२० ला साधारण १३.५. नव्या गाडीत सेन्सर हा फरक सांभाळतो. जुन्या कार्ब्युरेटरला तो कळतच नाही, मिश्रण पातळ होते, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त, आणि इंजिन तापते. त्यावर मेन जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे छिद्र, सहा-आठ टक्के मोठा घालायचा, जेट नीडलची क्लिप एक खाच खाली घेऊन नीडल वर उचलायची, मग मोकळ्या रस्त्यावर गाडी खेचून एकदम इंजिन बंद करायचे आणि प्लग काढून बघायचा. चॉकलेटी असेल तर ठीक, पांढरा पडला असेल तर अजून पातळ आहे. जुना नायट्राइल रबर फुगतो, वाळला की तडकतो. कार्ब्युरेटरमध्ये येणारे पेट्रोल रोखणाऱ्या फ्लोट नीडलचे टोक फुगले तर नीडल अडकते. ओलाव्याने जस्तमिश्रित बॉडीवर पांढरी भुकटी धरते आणि ती नेमकी पायलट जेटच्या बारीक छिद्रात जाऊन बसते. गंजलेल्या टाकीला आतून दिलेला जुना इपॉक्सी लेप सुटून त्याच्या सालींनी कॉकची जाळी बुजते. नळ्या आणि ओ-रिंग व्हिटॉनच्या, म्हणजे इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या, बसवता येतात, आम्ही बसवतोही. गाडी उभी करताना कॉक बंद करून फ्लोटची वाटी रिकामी करतो, टाकी पूर्ण कोरडी करतो. पण हा सगळा व्याप आमच्यावर कोणी लादला?

नीती आयोगाच्या जून २०२१ च्या आराखड्यात जुन्या वाहनांसाठी ई१०, म्हणजे दहा टक्के इथेनॉलचे पेट्रोल, हे संरक्षक इंधन म्हणून चालू ठेवायचे म्हटले होते. जुन्या दुचाकींचे मायलेज ३ ते ४ टक्के घटेल, हेही त्यात आहे. मग पंपावर ई१० का मिळत नाही? ऊस पिकवणाऱ्याला चार पैसे मिळावेत, याला आमचा विरोध नाही. पण इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांश इतकीच ऊर्जा असताना लिटरचे पैसे मात्र पूर्ण घेतले जातात.

आणि हे एका खात्यापुरते नाही. २०२१ चे व्हिंटेज नोंदणी नियम सांगतात की गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, मूळ रूपात हवी, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, आणि ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. एक खाते मूळ रूप राखा म्हणते, दुसरे खाते मूळ रूपात चालूच शकणार नाही असे पेट्रोल विकते. १९८५ ते १९९६ दरम्यानच्या यामाहा आरएक्स १०० ला तर पन्नास वर्षेही झालेली नाहीत. तिला व्हिंटेजचा दर्जा नाही, पण वीस वर्षांवरील दुचाकी म्हणून नोंदणी नूतनीकरणाचे २,००० रुपये मात्र ऑगस्ट २०२५ पासून लागू. पैसे घेताना गाडी जुनी आहे हे सरकारला बरोबर आठवते, पेट्रोल देताना आठवत नाही.

प्रत्येक तालुक्यात निदान एका पंपावर ई१० द्या. प्रत्येक नोझलवर इथेनॉलचे प्रमाण ठळक लिहा आणि ग्राहकाला ते तपासू द्या. मोजपात्रात १०० मिली पेट्रोल आणि १० मिली पाणी घालून हलवायचे, थोडा वेळ थांबायचे. खालचा थर १० च्या जागी तिशीच्या आसपास दिसला, तर ते ई२० आहे. एवढी तपासणी पंपावरचा कर्मचारीही पाच मिनिटांत करून दाखवेल. पुढच्या पावसाळ्याआधी ई१० कोणत्या पंपांवर मिळेल, त्याची यादी जाहीर करा. गाड्या उभ्या करायच्या आधी आम्हाला टाक्या त्याच पेट्रोलने धुवायच्या आहेत.

आपला,
जुन्या मोटारसायकली चालत्या ठेवणारा एक नागरिक